आत कोणी नाही

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही. आईला कळायचा प्रश्नच नव्हता. मित्रांत बसल्यावर जुन्या क्लासचा विषय निघाला, की मीच तो हळूच दुसरीकडे वळवतो. तसा मी बडबड्या माणूस. डोंबिवलीत आमच्या मजल्यावर कोणाचं कोणाशी वाजलं, हे संध्याकाळपर्यंतसुद्धा माझ्या पोटात राहत नाही. मग ही एकच गोष्ट इतकी वर्षं कशी राहिली?

सुरुवात कुठून करू? कॉम्प्युटरपासून करतो, ते सोपं आहे. अवघड गोष्ट सांगायची वेळ आली की आधी सोपं बोलत बसायचं, ही माझी जुनी खोड.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा क्लास होता. शिकायला आलो आणि शिकवायला तिथेच राहिलो, असे आम्ही दोघं — मी आणि शरयू. धुळीने कॉम्प्युटर बिघडतात अशी तेव्हा सगळ्यांची समजूत, म्हणून चपला बाहेर काढायच्या. खिडक्या कायम बंद, त्यांवर जाड पडदे. आत एसीची घरघर आणि गार फरशीवर अनवाणी पावलं. कोण कधी येऊन मागे उभं राहिलं ते कळायचं नाही. दसऱ्याला मॉनिटरला हळदकुंकू लागायचं, ते पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणी पुसायचं नाही. भर दुपारीसुद्धा त्या खोलीत उगाच हळू आवाजात बोलावंसं वाटे.

जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा तेव्हा नवीकोरी होती. ती शिकणं म्हणजे निम्मा वेळ ती का चालत नाही हे शोधत बसणं. पाथ नीट लावला नसेल, तर मशीन कमांड ओळखायलाच तयार नसे. नोटपॅड फाइलच्या नावामागे स्वतःचं एक शेपूट चिकटवायचं आणि ते दिसायचंही नाही. नावातलं एखादं अक्षर लहानाचं मोठं झालं, की असा प्रोग्रॅमच सापडत नाही म्हणून बोंब. मुलं रडकुंडीला यायची आणि मला हाक मारायची. मी मागे जाऊन उभा राहायचो, बघायचो, एक बोट ठेवायचो. चालायचं. ‘हेमंत सरांनी नुसता हात लावला तरी चालतं’ असं मुलं म्हणायची, आणि मी खरोखरच फुगायचो.

शरयू माझ्यापेक्षा हुशार होती. बघा, हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला. मी बिघाड शोधायचो. ती मुळात बिघडणार नाही असं लिहायची. तिने कधी मला हाक मारली नाही. याचं मला वाईट वाटायचं — वाईट कसलं, राग यायचा. सरळ सांगतो, राग यायचा.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीला जावा येणारा एकच माणूस हवा होता. क्लास चालवणारे आमचे सर म्हणाले, तुम्ही दोघं एकेक प्रोग्रॅम करून दाखवा. कंपनीचे साहेब येऊन बघतील आणि ज्याचा आवडेल त्याला घेतील. शरयूने खालच्या दवाखान्यासाठी रांगेचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. डॉक्टरांच्या खोलीत पेशंट असेल तर पडद्यावर त्याचं नाव, खोली रिकामी असेल तर ‘आत कोणी नाही’. तेही इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं आणणार कुठून? पहिल्या कच्च्या प्रोग्रॅममध्ये एक चूक राहिली होती. कोणाचंही नाव घाला, पडद्यावर यायचं ते ‘आत कोणी नाही’. ती चूक तिने चहा गार व्हायच्या आत काढली. फाइल सेव्ह केली, कंपाइल केली. एकही एरर नाही. चालवली.

आत कोणी नाही.

तिला वाटलं, सेव्ह करायचं राहिलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. ओळ समोर दिसते आहे, बदललेली, बरोबर — आणि चालवल्यावर पडद्यावर जुनंच उत्तर. तिने मशीन बंद करून चालू केलं. अख्खा प्रोग्रॅम पुसून नव्याने लिहिला. वेगवेगळ्या पेशंटची नावं घालून पाहिली, आणि शेवटी पेशंट म्हणून स्वतःचंच नाव घातलं. शरयू. एंटर.

आत कोणी नाही.

तेव्हा ती हसली होती. मीही हसलो होतो. त्या दिवशी मला खरंच काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कळलं. आंघोळ करताना, एकदम. शरयूने ती चूक काढायच्या आधीच पालकांना दाखवायला म्हणून सरांनी एक डेमो करायला सांगितला होता. मी शरयूच्याच मशीनवर एक वेगळा फोल्डर केला आणि त्यात सगळ्यांचे कच्चे प्रोग्रॅम टाकले. आता, जावाला प्रोग्रॅम कुठे कुठे शोधायचा याचा एक रस्ता आखून द्यावा लागतो. त्याला क्लासपाथ म्हणतात. त्या रस्त्यावर त्या नावाचा प्रोग्रॅम जिथे पहिल्यांदा भेटेल, तिथलाच ती उचलते. पुढे कुठे नवा आहे का, हे बघतसुद्धा नाही. मी माझा डेमोचा फोल्डर त्या रस्त्यात सगळ्यांत पुढे लावला होता आणि नंतर काढायला विसरलो होतो. म्हणजे शरयू नवा प्रोग्रॅम लिहीत होती, तो तयारही होत होता. पण दर वेळी चालत होता तो तिचाच जुना.

एक वाक्य बोलायचं होतं. ‘अगं, तो डेमोचा फोल्डर राहिलाय बघ.’ एवढंच. ते वाक्य मी क्लासपर्यंत तयार करत गेलो. चपला काढल्या, आत गेलो. शरयूने मागे वळून पाहिलं आणि पहिल्यांदाच — इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच — मला हाक मारली. “हेमंत, बघ ना रे जरा.”

मी मागे जाऊन उभा राहिलो. बघितलं. आणि म्हणालो, “काही कळत नाहीये गं.”

तुम्ही म्हणाल, वय होतं, नोकरीची चुरस होती, माणूस गप्प बसतो. एवढंच असतं तर हे मी कधीच हसत हसत सांगून टाकलं असतं. एवढंच नव्हतं.

शरयू टिटवाळ्याला राहायची, ती आणि तिची आई. आईला भास व्हायचे. बंद केलेला गॅस चालू दिसायचा. दारात कोणी उभं आहे म्हणून ती आत या म्हणायची आणि पाणी आणायला जायची. एकदा तलावपाळीवर भेळ खाताना शरयूने मला हे सगळं सांगितलं. तिच्या आईचं सुरू कसं झालं, तर अगदी लहानलहान गोष्टींतून: हे मी केलेलं, मग ते झालं कसं नाही? “मला दुसरी कसलीच भीती नाही रे,” शरयू म्हणाली होती. “फक्त एक दिवस मलापण असं व्हायला लागेल, आणि माझं मला कळणारच नाही.” हे तिने आणखी कोणाला सांगितलं नव्हतं.

म्हणजे मला माहीत होतं. समोर नुसता प्रोग्रॅम अडलेला नाही, काय अडलंय ते मला पक्कं माहीत होतं. आणि मी बघत बसलो. ती टाइप करताना प्रत्येक शब्द पुटपुटायला लागली. सेव्ह केल्यावर पडद्यावरच्या ओळीला बोट लावून बघायची. डबा तसाच परत न्यायची. मशीन माझं वापरू का, म्हणून तिने विचारलं — जावा दोनच मशीनवर होती — तर मी म्हणालो, “तुझ्या फ्लॉपीत व्हायरस असला तर माझंही जाईल.” तिने मान हलवली. तिला ते पटलं.

साहेब येणार त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. मुलांची बॅच सुटली होती, सर बँकेत गेले होते. खोलीत आम्ही दोघंच. शरयूने पुन्हा स्वतःचं नाव घातलं, एंटर दाबलं आणि पडद्याकडे बघत राहिली. पडद्यावर तेच होतं. मी तिच्या मागे उभा होतो, मला स्वच्छ दिसत होतं. तिने वळून न बघता विचारलं, “हेमंत, तुला काय दिसतंय?”

हेच सांगायचं होतं. एवढा वेळ मी याच्याच भोवती फिरतोय.

मी म्हणालो, “शरयू. तुझं नाव दिसतंय. बरोबर आहे की.”

का म्हणालो? खूप वेळा स्वतःला विचारलंय. आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं, आणि आल्यावर मला ते गोड लागलं — हो, गोड. ती एकदम स्थिर झाली. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. ‘आत कोणी नाही’ तिथेच होतं, आम्हा दोघांच्या मधोमध, हिरव्या अक्षरांत. वाद घालेल असं मला वाटलं होतं. तिने हात लांब करून मॉनिटर बंद केला, पर्स उचलली आणि गेली. बाहेर चपलांचा आवाज आला, मग जिन्यावर. मी काळ्या काचेत बघत उभा राहिलो, तर काचेत मी एकटाच दिसत होतो. पण तेव्हाही मी खाली पळत गेलो नाही.

त्या रात्री मला भीती वाटली ती तिच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. ती हुशार होती. तिला क्लासपाथ आठवणार, ती बघणार, आणि मग माझा फोल्डर तिला सापडणार. म्हणून सकाळी क्लास उघडायच्या वेळेलाच मी तिथे गेलो. तिच्या मशीनच्या सेटिंगमधून माझा फोल्डर काढला, डेमो पुसून टाकला, मशीन पुन्हा चालू केलं. सगळं जसं असायला हवं तसं.

थोड्या वेळाने ती आली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर एक आशा — रात्रभर विचार करून तिला ते आठवलंच होतं. खुर्चीवर नीट बसलीसुद्धा नाही, आधी सेटिंगची फाइल उघडली. तिथे काही नव्हतं. साधा, स्वच्छ रस्ता. मग तिने प्रोग्रॅम चालवला. नाव घातलं. पडद्यावर आलं: शरयू.

प्रोग्रॅम बरोबर चाललेला बघून माणूस इतका पांढरा पडलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. तिने काहीच बदललं नव्हतं. एक अक्षरही नाही. तिने मला अगदी हळू विचारलं, “कालपण असंच होतं?”

“असंच होतं,” मी म्हणालो.

साहेब आले, तेव्हा शरयू नव्हती. तब्येत बरी नाही असं सरांना सांगून ती घरी गेली होती. नंतर कळलं, ती आईच्याच डॉक्टरांकडे गेली. नसलेलं दिसतं, असं तिने सांगितलं; आईला काय आहे तेही सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. क्लास सोडला, जावा सोडली. नोकरी मला मिळाली. आज माझं जे काही आहे — फ्लॅट, मान, दुसऱ्यांचे बिघाड शोधून देणारा म्हणून नाव — ते तिथून सुरू झालेलं आहे.

पुढे पुष्कळ वर्षांनी ती मला नौपाड्यातच भेटली, एका औषधांच्या दुकानात. अंगाने भरलेली, बोलणं थोडं संथ. बरोबर शाळेतली मुलगी. मला बघून शरयूला आनंद झाला, अगदी मनापासून. मुलीला म्हणाली, “हे हेमंतकाका. यांनी मला तेव्हा खरं काय ते सांगितलं, म्हणून मी वेळेत डॉक्टरांकडे गेले. नाहीतर माझं आजीसारखंच झालं असतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुझे आभार मानायचे राहूनच गेलेले रे.”

मी काउंटरवरची माझी पिशवी उचलली.

तेवढ्यात मुलीने विचारलं, “आई, बाटली मी तुझ्याकडे दिली ना?” पाण्याची बाटली शरयूच्या हातातच होती. मुलीला ती दिसत होती. ती बाटलीकडे बघूनच विचारत होती. शरयू माझ्याकडे बघून हसली. “आमच्या घरचा नियमच आहे हा. स्वतःच्या डोळ्यांवर राहायचं नाही, दुसऱ्याला विचारून घ्यायचं. आतापासून सवय असलेली बरी.” आणि मुलीला म्हणाली, “काकांना विचार.”

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“हो, दिलीस,” मी म्हणालो. दोघींचाही माझ्यावर विश्वास बसला.