एकच जोड शिल्लक

रत्नागिरीत घरी बसून मी नक्की काय काम करते, हे शेजाऱ्यांना अजून कळलेलं नाही. मोबाइलवरच्या एका दुकानाचे स्क्रीन मी रचते. बटण कुठे केशरी करायचं, घड्याळ कुठे उलटं पळवायचं, म्हणजे माणूस विचार करायच्या आत पैसे भरेल. थोर कार्य आहे. 'बघू नंतर' म्हणणारं गिऱ्हाईक हा आमच्या मीटिंगमधला राष्ट्रीय प्रश्न.

तो प्रश्न माझ्या घरातच राहतो. गेल्या उन्हाळ्यात आईला त्या दुकानात लेसवाले पांढरे बूट दिसले. जन्मभर चपला वापरलेली बाई चक्क लाजली. "संध्याकाळी कातळावर फिरायला बरे पडतील, नै?" म्हणाली आणि तिने ते कार्टमध्ये टाकले. मग रोज त्यांचं दर्शन घ्यायचं आणि अंगठा शिवलेली चप्पल ओढत फिरायला जायचं, असा नेम सुरू झाला.

आधी आम्ही 'दहा मिनिटांत सवलत संपणार' असं घड्याळ लावलं. आईने मोबाइल पालथा ठेवला. "जी मासेवाली घाई करते ना, तिचे बांगडे शिळे असतात." आमच्या अख्ख्या टीमला जे सुचलं नाही, ते तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. मीटिंगमध्ये मी अर्थातच गप्प बसले. नोकरी प्यारी आहे.

मग मी हुकमाचा एक्का काढला. बुटांखाली लाल अक्षरांत लिहिलं, 'एकच जोड शिल्लक!' गणपती आले नि गेले, दिवाळी झाली, बूट कार्टमध्येच.

परवा चपलेचा अंगठा कायमचा तुटला. आई अनवाणी, टाच कापून घेऊन घरी आली. मी भडकले. "ते बूट घेत का नाहीस?"

"अगो, एकच तर उरलाय. दिवसभर उभं राहून काम करणारी असेल कोणीतरी. तिला मिळू दे."

मला हसू आलं. "आई, ते खरं नसतं. गोदामात ढीग पडलेत. घाई व्हावी म्हणून तसं लिहितात."

"कोणी लिहिलंन?"

आता मात्र लाज वाटली. "मीच."

ती टाचेला हळद लावत होती. तिने हळदीची वाटी बाजूला ठेवली.

"मग इतके महिने मी ते कोणासाठी ठेवले होते गो?"