उभ्या बाटलीवरचा शिक्का

नलूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या स्टँडवर होतो. शुद्धीत होतो, हे आधीच सांगतो. तिनं पहिलं तेच विचारलं असतं...

बोरी अरबजवळचं आमचं गाव. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षांत गावात एकच दुकान जोरात चालायचं, देशी दारूचं. आणि मावशीचा सख्खा भाचा, म्हणजे मी, तिथलं रोजचं गिऱ्हाईक. मावशीनं सह्या गोळा करून बायांचं मतदान लावलं. निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. उभी बाटली म्हणजे चालू. मावशी शाळेत गेलेली नव्हती, पण नको त्यावर काट मारतात एवढं तिला ठाऊक होतं. तिनं घरोघरी सांगितलं, उभ्या बाटलीवर शिक्का हाणा. बायांनी इमानेइतबारे हाणला. दुकान राहिलं! आम्ही पिणाऱ्यांनी त्या दिवशी फटाके फोडले. आज लाज वाटते.

दुसरी कोणी असती तर साहेबलोकांवर ढकलून मोकळी झाली असती. मावशी बुद्धविहारात सगळ्या बायांपुढं उभी राहिली. "चूक माही हाय. मले शिव्या द्या, पण पुढच्या टायमाले या." पुढच्या मतदानाला दीड वर्ष गेलं. तेवढ्या काळात तिनं बटाट्याचा शिक्का कोरला, विहाराच्या फरशीवर खडूनं दोन्ही बाटल्या काढल्या आणि एकेकीचा हात धरून सराव करून घेतला. मी तिला हसायचो. पण दुकान बंद झालं.

मग आम्ही एसटीनं बोरीला जाऊन प्यायला लागलो. संध्याकाळच्या गाडीला मावशी थांब्यावर हजर. रागवायची नाही, कोपर धरून घरी न्यायची, पुढ्यात भाकर ठेवायची. एकदा मी चिडून विचारलं, दुकान तर बंद केलं, आता कायले येतेस? म्हणाली, "दुकान मतानं बंद होते बापू. माणसाची वाट पाहा लागते." माझी तिनं चार वर्षं पाहिली. माझी दारू सुटली, तरी तिचं थांब्यावर जाणं काही सुटलं नाही. गावात दुसरे होतेच.

मावशीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला त्या संध्याकाळी मी थांब्याकडे गेलो. गाडीतून शेजारचा रमेश झोकांड्या खात उतरला आणि कोपर जरासं बाजूला काढून उभा राहिला. ते धरायला कोणी नव्हतं. मी पुढं होऊन धरलं. मावशी गेली हे नशेत विसरला असावा; त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मावशी कुठी हाय?"

"चाल," मी म्हटलं, "भाकर थंडी होते."