समोरच्या काकांची घरविकी

साऱ्या धाराशिव जिल्ह्यात भिंतींशी बोलणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या समोर राहतो. लग्न होऊन मी भूमला आले त्याच आठवड्यात आमच्याकडे सत्यनारायण होता. सगळी मंडळी हात जोडून उभी, आणि समोरचे काका एका हातात प्रसादाचा द्रोण धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी आमची भिंत वाजवत होते. टक टक करायचं, कान लावायचा, मान हलवायची. सासूबाई म्हणाल्या, "आधी तीर्थ तर घ्या." काका म्हणाले, "घेतो, पण तुमचा गिलावा आतून सुटलाय. लई दिवस धरायचा न्हाई." दुसऱ्याच दिवशी परातीएवढा पोपडा खाली आला. गिलावा सुटला होता म्हणून पडला, हे सासूबाईंनी आजतागायत मानलेलं नाही. त्यांच्या मते काकांनी वाजवला म्हणून पडला.

काका कालव्याच्या खात्यातून निवृत्त झाले आणि वर्ष व्हायच्या आत काकू गेल्या. मुलगी पुण्याला, कॉम्प्युटरच्या नोकरीत. ती बिचारी रोज संध्याकाळी फोन करायची, आणि काका तिला वॉशर कसा बदलावा ते सांगायचे. जेवलात का विचारलं की न्हाणीचा उतार, तब्येत कशी आहे विचारलं की कडीचा स्क्रू. शेवटी तिनं काकांना एक वेबसाइट काढून दिली. म्हणाली, "बाबा, घराच्या डागडुजीचं जे जे माहीत आहे ते इथं लिहा. दुसरेही येऊन लिहितील, एकमेकांच्या चुका दुरुस्त करतील. याला विकी म्हणतात." म्हणून नाव ठेवलं 'घरविकी'. काकांना त्यात 'एकमेकांच्या चुका दुरुस्त करतील' एवढंच ऐकू आलं असावं, कारण त्या दिवसापासून ते लग्नघरातल्यासारखे पाहुण्यांची वाट बघत बसले.

लिहायला मात्र काकांनी हात आखडला नाही. 'खिळा भिंतीत न शिरल्यास चूक कुणाची', 'उलटा उतार काढणाऱ्या गवंड्याशी भांडण न होता कसं बोलावं', 'पावसाळ्यात दार फुगतं, आपण फुगू नये', अशी पानांवर पानं. वाचणारे होते थोडेफार, पण लिहायला कुणी येईना. मला तर रोज गळ घालायचे, "सूनबाई, एक ओळ लिहा. चुकीची लिहा, म्या दुरुस्त करतो." मी म्हणायचे, काका, माझ्या डोक्यावर गिऱ्हाइकांचे चार ब्लाउज शिवायचे बसलेत, मला कुठं लिहायला लावता! मग काकांनी स्वतःच दुसऱ्या नावानं खातं काढलं. एक खातं 'गृहस्थ', दुसरं 'शंकेखोर'. गृहस्थानं 'मातीच्या छताचं माळवद गळत असल्यास' असं पान लिहिलं की शंकेखोर खाली विचारणार, 'आमच्याकडे याला धाबं म्हणतात, आपण कुठले?' त्यावर गृहस्थ चिडून लिहिणार, 'आपण आधी शिडी लावून वर चढून बघा, मग नावं ठेवा.' हे दोघं एकदा असे काही हमरीतुमरीवर आले की गृहस्थानं शंकेखोराला आठवडाभर साइटवर यायला बंदी घातली. तो आठवडा काका तोंड पाडून ओट्यावर बसून होते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "करमंना. माणूस खवट होता, पण येत होता बिचारा."

काकांच्या न्हाणीतला नळ रात्रंदिवस ठिबकतो. गळक्या नळावर ज्यानं एवढं लांबलचक पान लिहिलं, त्याच्याच घरी ही तऱ्हा! मी एकदा बोललेच. काका जरा ओशाळले आणि म्हणाले, "बंद करता येतो हो. पण घरात कायतरी आवाज पाहिजे का नको?" त्यांच्यासाठी चहा नेला होता, तो देऊन परत आले.

मग काकांनी फाटकावर पाटी लावायची ठरवली. 'घरविकी' असं मोठ्या अक्षरात, खाली फोन नंबर. पेंटरला कागदावर लिहून दिलं आणि काका बाजाराला गेले. परत येऊन बघतात तर पाटीवर झोकदार अक्षरात 'घरविक्री'! पेंटर ब्रश पुसत म्हणाला, "काका, तुमचा एक र ऱ्हायला होता. म्या दुरुस्त केलाय, त्याचे पैसे न्हाईत." काका पाटीकडं बघतच राहिले. मी म्हटलं, आता हा माणूस पेंटरचा डबा फेकणार. पण छे! "राहू दे," म्हणाले, "मन लावून दुरुस्ती केलीय त्यानं." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काकांच्या लिहिण्यात हात घातला होता, तो काय पुसायचा!

आणि हो, फोन सुरू झाले. घर केवढ्याचं, मोकळी जागा किती, बोअरला पाणी आहे का. काका कुणाला नाही म्हणत नसत. "घराचं नंतर बोलू, तुमच्या सध्याच्या घराला काय झालंय ते सांगा," असं म्हणत गिऱ्हाइकाला तासभर धरून ठेवायचे. एजंट लोक तर काकांचा नंबर बघून फोन उचलेनासे झाले. मी म्हटलं, काका, तो र खरडून टाका एकदाचा, लोक उगाच ताप देतात. काका चष्मा काढून पुसायला लागले. "खरडल्यावर फोन कोण करील, सूनबाई?" असं इतकं हळू म्हणाले की मला स्वतःचाच राग आला.

गेल्या उन्हाळ्यात नळदुर्गचं एक जोडपं जीप करून घर बघायला आलं. नवरा भुसार मालाचा व्यापारी, बाई ठसठशीत, त्याच्याशी कानडीत बोलणारी. पाहुण्यांच्या चहाला म्हणून काकांनी मला बोलावून घेतलं होतं. घर विकायचंच नाही हे काका सांगायला विसरले आणि उत्साहानं एकेक दोष दाखवत फिरू लागले. ही भेग, ही वाळवी, ही फरशी पोकळ. व्यापाऱ्याचा चेहरा उतरत चालला. शेवटी आली स्वयंपाकघराची ओली भिंत. 'ओल' हे घरविकीवरचं सगळ्यात मोठं पान. कारणं किती तरी, उपाय त्याहून जास्त, आणि ही भिंत काही वाळलेली नाही. काका पाइपापासून सुरू करून पायापर्यंत आले, तेवढ्यात बाई मागच्या दारातून डोकावून म्हणाल्या, "ओ काका, भिंतीला चिकटून कढीपत्त्याचं झाड हाय की! रोज बादलीभर पाणी घालताव व्हय? मग भिंत वाळंल कशी? झाड काढा, ओल जाईल."

ते झाड काकूंनी लावलेलं. आमच्या अख्ख्या गल्लीच्या फोडणीत त्याची पानं पडतात. आणि काका रोज सकाळी चूळ भरायच्या आधी त्याला पाणी घालतात. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. काका एकदम हात जोडून म्हणाले, "ताई, हे तुम्ही तुमच्या हातानं लिहा. कृपा करा." बाईंनी कॉम्प्युटरवर एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'भिंतीलगत झाड असेल तर ते काढावे.' घरविकीवर दुसऱ्या माणसानं लिहिलेलं ते पहिलं वाक्य. पाहुणे चहा पिऊन, घर न घेता गेले.

जीप वळल्यावर मी विचारलं, "काका, तुम्हाला हे कळलं नव्हतं?" काका मागच्या दारात उभे होते. म्हणाले, "कळत होतं, सूनबाई. लिहिलं असतं तर ऐकावं लागलं असतं." आता दुसऱ्यानं लिहिलं होतं. आणि काकांचाच नियम, जो त्यांनी पहिल्या पानावर ठळक टाकलाय, की खरी दुरुस्ती कुणी पुसायची नाही. माणूस एवढी वर्षं कुणीतरी यावं म्हणून वाट बघतो, आणि येणारं येतं ते झाड काढा म्हणत येतं. त्या दिवशी काका फोन वाजला तरी उठले नाहीत.

मला दुसऱ्या दिवशी शिवणात लक्ष लागेना. कात्री ठेवली, मोबाइलवर घरविकी उघडली. बाईंचं वाक्य जिथल्या तिथं होतं. काकांनी ते पुसलं नव्हतं, आणि त्याच्या खाली काही लिहिलंही नव्हतं. गृहस्थ गप्प, शंकेखोरही गप्प. मग मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं एक ओळ लिहिली. 'झाड घरच्या माणसानं लावलेलं असेल तर ओल राहू द्यावी.'

थोड्या वेळानं समोरून हाक आली, "सूनबाई! हे असलं चर्चेच्या पानावर लिहायचं असतं. मुख्य पानावर न्हाई!" आवाज मोठा होता, पण नेहमीसारखा खणखणीत नव्हता. मी खिडकीतूनच म्हटलं, चुकलं असेल तर दुरुस्त करा की! मागच्या दारी बादली ठेवल्याचा आवाज आला आणि मग पाणी ओतल्याचा.

माझी ओळ त्यांनी अजून दुरुस्त केलेली नाही.