वैद्यबुवांची जीभ

वैद्यबुवांवर लिहावे एवढी माझी योग्यता नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. साधा अर्ज लिहितानाही माझी दोनदा खाडाखोड होते. शिवाय जे सांगायचे आहे ते कुणाला सांगू नको, असे त्यांनीच मला बजावले होते. आता ते बंधन उरले नाही, म्हणून लिहितो. चुकले तर क्षमा असावी.

अकोल्यात ज्यांच्या द्राक्षासवाची बाटली बाळंतिणीपासून वकिलांपर्यंत सगळ्यांच्या घरी असे, त्या वैद्यबुवांना चव कळत नव्हती. कसलीच. विषमज्वरातून उठले तेव्हापासून त्यांची जीभ आणि नाक दोन्ही गेली होती. मला हे समजले ते माझ्याच वेंधळेपणामुळे. अशक्तपणावर औषध घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. मी हिवरखेडच्या बौद्धवाड्यातला हे त्यांना ठाऊक होते; तरी घरी कोणी नाही म्हणून त्यांनी मलाच चहा ठेवायला सांगितला. त्या धक्क्यातच मी साखर समजून मीठ घातले. त्यांनी कपभर चहा शांतपणे संपवला.

"झकास झाला, बापा."

मी एक घोट घेतला आणि मोरीकडे धावलो. परत आलो तेव्हा ते मान खाली घालून बसले होते. "कळलं ना तुले? कोनाले सांगू नको. वैद्याची जीभ गेली म्हटल्यावर लोकं नाडीसुद्धा दाखवनार नाहीत."

पुढच्या खेपेला त्यांनी दिलेल्या द्राक्षासवाचा घोट घेऊन मी भीत भीत म्हणालो, की नवी बाटली आधीच्या बाटलीसारखी लागत नाही; धुरकट लागते. ते ताडकन उठले. "पुन्हा सांग!" आधीची बाटली काबुली मनुकांची होती, ही नाशिककडच्या भोकरी द्राक्षांची. त्या दिवसापासून दर रविवारी मी त्यांची जीभ झालो.

मागच्या खोलीत तुरीच्या भुशात मडकी पुरलेली असत. मेळघाटातून आलेली, आसवात घालायची धायटीची फुले सगळ्यांत सारखीच. द्राक्ष मात्र प्रत्येकात वेगळे. भोकरी, फकडी, दौलताबादची काळी हबशी, हैदराबादची अनाबेशाही. ते मडक्याचे तोंड उघडत, चांदीचा चमचा माझ्या हाती देत आणि म्हणत, "नाव नको इचारू. चव सांग." माझ्याकडे शब्द गावचेच. भोकरी पिकल्या बोरासारखी. हबशी आधी ओल्या मातीसारखी, मग जांभळासारखी जीभ आवळणारी. अनाबेशाही नुसतीच गोड, घोट गिळला की काही मागे न ठेवणारी. ते सगळे वहीत उतरवून घेत आणि खुलत. "ग्रंथात गुण लिहेल हायेत रे, पन जांभूळ कोनी नाही लिहिलं!"

दारूचा त्यांना मनस्वी तिटकारा. पिऊन आलेल्या माणसाला ते पायरीवरूनच हाकलत. म्हणूनच आपण काय चाखतो आहोत, हा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नाही. छातीत ऊब येई. मला वाटे शक्ती येते आहे.

मग एका सकाळी पालीच्या तासाला सर पाचवे शील समजावून सांगू लागले. हे शील मी दीक्षेपासून दर पौर्णिमेला आईशेजारी बसून म्हणत आलो होतो. मद्यपान करणार नाही, एवढाच अर्थ मला माहीत होता. सरांनी फळ्यावरच्या 'मेरय' शब्दाखाली रेघ मारली. मेरय म्हणजे आसव. फुलांचे, मधाचे, फळांचे. पुढचे काही मला ऐकू आले नाही.

पालीची वही घेऊन मी तसाच वैद्यबुवांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचले.

"तू दीक्षावाला, हे मले माहीत व्हतं. पन असं व्रत हाय हे तू कावून नाही सांगितलं?"

"मी तुम्हाला हे काय आहे ते कधी विचारलंच नाही."

"औषधाले तर सूट असंल ना?"

"पहिली बाटली औषध होती, वैद्यबुवा. नंतर मी आजारी नव्हतो. मला ते आवडायला लागलं होतं. रविवारची वाट पाहत होतो मी."

हे माझ्या तोंडून निघाले तेव्हा त्यांच्यापेक्षा मलाच जास्त धक्का बसला. त्यांनी चमचा धुतला, पुसला आणि कपाटात ठेवून दिला. येत्या रविवारी फकडीचे मडके उघडायचे होते. चव न घेता भरले तर ते साधले की आंबले, हे त्यांना कळणार नव्हते. मला राहवले नाही.

"चाखत नाही. नुसता वास घेऊन सांगतो."

"नाही," ते म्हणाले. "वासानंच तर मन जाते, बाबू."

बी. ए.साठी मी अमरावतीला आलो. दोन पत्रे पाठवली. उत्तरात फक्त प्रकृती सांभाळ, एवढेच असे.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचे कार्ड आले. वैद्यबुवा गेले. मुलाने लिहिले होते : दोन वर्षे आसव बिघडत होते. मडकीच्या मडकी आंबली, लोक बाटल्या परत आणून देत, तोंडावर हसत. शेवटी जिभेचे बाबांनीच आम्हाला सांगितले. मी म्हटले, तुमच्या त्या कॉलेजच्या पोराला बोलावून घेतो, तो नाही म्हणणार नाही. त्यावर बाबा एवढे चिडले, की अंथरुणावर उठून बसले. म्हणाले, "तो नाही म्हननार नाही, म्हनूनच त्याले बोलवायचं नाही."