आठ टेबलांतलं एक अनुमान

आमच्या म्हैसूरच्या मराठीत अनुमान म्हणजे संशय. पिढ्यान्‌पिढ्या कन्नडाच्या शेजारात राहिलो, तसे शब्दही त्यांच्या वळणाचे झाले. ‘तुझ्यावर अनुमान आहे’ म्हटलं की समोरच्यानं काहीतरी लपवलंय, एवढाच अर्थ. पुस्तकातल्या मराठीत मात्र अनुमान म्हणजे आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, म्हणून मला दोन्ही ठाऊक. या दोन अर्थांच्या मधे माझी वहिनी चिरडली गेली, आणि ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

वहिनी मेटगळ्ळीच्या एका कपड्यांच्या कारखान्यात आहे. तिथं कापड कापायची आठ टेबलं, त्यांतल्या चार नंबरची ती प्रमुख. प्रत्येक टेबलावरून किती कातरण वाया गेली ते रोज तोलतात. पुण्याहून एक नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, पण उत्साह फार. त्यांनी टेबलवार सरासरी काढली आणि प्रत्येक टेबल दुसऱ्या प्रत्येक टेबलाशी ताडून पाहिलं. अठ्ठावीस जोड्या झाल्या. त्यांतली एकच जोडी संगणकानं, फरक मोठा म्हणून, लाल करून दाखवली. एका बाजूला सगळ्यांत कमी कातरणीचं टेबल, दुसऱ्या बाजूला वहिनीचं. साहेबांना वाटलं, घबाड सापडलं.

त्यांना कन्नड बोलायची हौस. सकाळी सगळ्यांना उभं करून त्यांनी कन्नडात सांगितलं, चार नंबरच्या टेबलाच्या कापडाबद्दल आमचं अनुमान आहे. त्यांना म्हणायचं होतं, आकड्यांवरून तिथं कातरण जास्त दिसते. बायकांनी ऐकलं, तिथलं कापड चोरीला जातंय असा संशय आहे. वॉचमननंही तेच ऐकलं. संध्याकाळी फाटकावर त्यानं सगळ्यांसमोर वहिनीची पिशवी रिकामी करायला लावली.

घरी येऊन वहिनी जेवली नाही. म्हणाली, “वन्सं, इतकी वर्षं झाली, तिथला दोरासुद्धा कधी घरी आणला नाही.” आम्ही शिंपी. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण लहानपणापासून लोकांनी आम्हाला हसत हसत ऐकवलेली. लोकांना ती गंमत वाटते. कापडचोर म्हणवून घेण्यात कसली आलीय गंमत? अय्यो, त्या रात्री मी इतकी संतापले होते की भाऊच मला शांत करत बसला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कारखान्यात गेले. मराठी ऐकून मॅनेजर खूश झाले, चहा मागवला. मी म्हटलं, चहा राहू द्या, आधी ती लाल जोडी दाखवा.

“मॅडम, गणित पक्कं आहे,” ते म्हणाले. “चूक व्हायची शक्यता विसात एक.”

“एका तुलनेत विसात एक. तुम्ही केल्या अठ्ठावीस. आठही टेबलं अगदी सारखी असती तरी एखादी जोडी लाल झाली तर त्यात नवल काय? डोळे मिटून झाडावर अठ्ठावीस दगड मारायचे, एक कैरी पडली की म्हणायचं, बघा माझा नेम.”

मी सोडलं नाही. आधी आठही टेबलं एकत्र घेऊन विचारायचं, मुळात यांच्या सरासरींत फरक आहे का? असेल तरच जोड्यांकडे वळायचं, आणि जितक्या जोड्या जास्त तितकी अट कडक करायची. पहिल्या वर्षाच्या मुलींना मी हे शिकवते. मॅनेजरांनी माझ्यासमोरच आकडे पुन्हा घातले. एकत्र पाहिल्यावर फरक म्हणण्यासारखं काही निघालं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर चोरीच झाली नव्हती, तरी संन्यासी सुळावर.

मग मी त्यांना त्यांच्या शब्दाचा इथला अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. “पण मराठीत अनुमान म्हणजे...”

“मराठीत काय ते मलाही कळतं. तुम्ही उभे कुठं आहात?”

माणूस सरळ निघाला, हे मान्य करायला हवं. पुढच्या सकाळी त्यांनी कन्नड येणाऱ्या सुपरवायझरला शेजारी घेऊन सगळ्यांची माफी मागितली. हिशेबात आमची चूक झाली, चार नंबरवर कुणाचाही संशय नाही, असं स्वच्छ सांगितलं. वॉचमनलाही ताकीद दिली. मला वाटलं, चला, मिटलं.

त्या शनिवारी वहिनीला आणायला मी फाटकाशी उभी होते. सुटी झाली, बायका रांगेनं निघाल्या. वॉचमननं वहिनीला बघताच मान खाली घालून हातानंच जा म्हटलं. ती थांबली. पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली, डबा काढला, शाल काढून झटकली, पिशवी उलटी केली.

“बेडा अक्का,” तो कसनुसा होत म्हणाला. नको म्हणून.

वहिनी त्याला कन्नडातच म्हणाली, “तू नको बघू. माझ्यामागं या सगळ्या उभ्या आहेत ना, त्यांना बघू दे.”