दुसऱ्या मुठीला नागूबाई

कळंबच्या मशीनच्या दुकानाच्या दारात बब्रुवानकाकांनी चपला काढल्या. मालक शांतलिंगअप्पा हसले. "राहू द्या की पायात! हे काय देऊळ हाय व्हय?"

"हत्यारं मांडलीत न्हवं," काका म्हणाले आणि अनवाणीच आत गेले. मागून पदर सावरत नागूबाई, त्याही अनवाणी.

आमच्या ईट गावात एके काळी काकांच्या हातची पेरणीची तिफण नाही असं शेतकऱ्याचं घर शोधावं लागायचं. बाभळीचा बुंधा आडवा टाकायचा, गेरूत भिजवलेला दोरा ताणून लाल रेघ मारायची आणि मोठी करवत लावायची. करवतीला दोन मुठी. एकीला काका, दुसरीला त्यांची बायको नागूबाई. लग्न होऊन आल्यावर परातीआधी करवत हातात आली, असं त्या स्वतःच सांगायच्या. काका ओरडायचे, "ओढ!" नागूबाईंनी ओढलं की काकांनी सैल सोडायचं. भांडण झालं तरी करवत थांबायची नाही. उलट त्या दिवशी लाकूड लवकर कापून व्हायचं. आम्ही पोरं भुशात पाय खुपसून दोघांचे टोमणे ऐकत बसायचो.

मग ट्रॅक्टर आले, तिफणी लोखंडाच्या झाल्या. काका चौकटी, पाट, देव्हारे करू लागले. पुढं त्यांचा उजवा खांदा धरला आणि शेडला कुलूप लागलं. दिवसभर ओसरीत बसून काका दाराच्या चौकटीवरून नुसता हात फिरवत राहायचे. ते बघवेना म्हणून नागूबाईच म्हणाल्या होत्या, "चला, मशीन बघून यू."

अप्पांनी आधी भलंमोठं लोखंडी टेबल दाखवलं. मधून दातेरी चकती वर आलेली. "पर हिला थ्री फेज लागतंय. घरच्या लाईटीवर न्हाय चालायची. तुमी ही धाकटी बघा."

धाकटी टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत, खाली जमिनीवर ठेवलेली होती. काका तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि पाय पुढं केला.

"काका, हिला खाली लोखंडी पाय जोडून उभ्यानं चालवायची असती!"

"म्या जलमभर बसूनच काम केलंय. पायाच्या अंगठ्यात फळी धरली की हालत न्हाय."

"अंगठा इथंच ठिवून जायचा इचार हाय का?" नागूबाई कडाडल्या. "उठा आधी!"

काका उठले. चकतीवरचं झाकण वरखाली करून पाहिलं, मागची उभी पट्टी चाचपली. "ही कशापायी?"

"कापलेली फट मिटून चकती आवळली जाऊ नये म्हणून."

"आमी पाचर ठोकायचो," काका खूश झाले. "आन् पलीकडून कोण धरणार?"

"कुणीच न्हाय. मागं हे रोलरचं स्टँड लावायचं. एकट्याचं काम."

नागूबाई मशीनपासून दूर झाल्या. बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि रस्त्याकडं बघू लागल्या. "बरं झालं बाई. सुटले मी." आवाज मात्र सुटलेल्या माणसाचा नव्हता.

काकांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग अप्पांना म्हणाले, "धाकटी बांधा. स्टँड ऱ्हाऊ द्या."

"लांब फळी मागं झुकंल की, काका!"

"माणूस हाय माझ्याकडं."

"माणसाला इचारलंय का?" नागूबाई रस्त्याकडं बघतच म्हणाल्या.

"येतीस का?"

"बघू. घरी गेल्यावर."

घरी गेल्यावर शेडचं कुलूप नागूबाईंनीच काढलं. मशीन मांडलं, सागाची लांब फळी टेबलावर ठेवली. नागूबाई पलीकडं उभ्या राहिल्या. चकती किंचाळली, फळी सरकू लागली. तिचं टोक हाती येताच नागूबाईंनी अंगातला सगळा जोर लावून ओढलं. फळी तिरपी झाली, चकती घुसमटली. काकांनी घाईनं लाल बटण दाबलं.

"ओढू नगंस! नुसती धर!"

"जलमभर 'ओढ, ओढ' म्हणून वरडलात, आन् आता म्हणं ओढू नको!"

"हिला ओढ चालत न्हाय."

"मग मी कशाला हितं?"

काकांनी फळी सरळ केली. "म्या फळी तुझ्याकडं धाडतो. तू तिला पडू दिऊ नगंस."

नागूबाईंनी पदर खोचला, तळवे वर करून हात पुढं धरले.

"लावा बटण," त्या म्हणाल्या. "आन् तुमी बी जरा सबुरीनं धाडा."