फरशी आणि गिअर

परळची आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि बाबांची जुनी गाडी रस्त्यावरून चकाचक पार्किंगमध्ये आली. तिच्या गिअरबॉक्समधून ऑइलचे थेंब पडायचे. चाळीत वरच्या मजल्यावर आमच्या शेजारी राहणारे काका आता सोसायटीचे सेक्रेटरी होते. म्हणाले, "फरशी खराब होतेय. भंगारात दे की आता."

माझं डोकंच फिरलं. गाडी देणार नाही म्हटलं, आणि गळती थांबावी म्हणून गिअरबॉक्समध्ये जाड ऑइल भरून घेतलं. गळती थांबली.

मग जानेवारीत चक्क स्वेटर काढायची वेळ आली. सकाळी गाडी काढली तर दुसरा गिअर पडेचना. गारठ्याने ऑइल आणखी घट्ट झालं होतं. जोर लावला तर नुसती खरखर. मागून काकांचा हॉर्न. "बघ, म्हातारी झालीय!"

म्हातारी? त्यांच्या फरशीपायी गाडीचा जीव घुसमटला होता! तशीच पहिल्या गिअरवर रखडत दादरचं गॅरेज गाठलं, जाड ऑइल काढायला लावलं आणि तिला लागतं तेच पातळ ऑइल भरलं. दुसऱ्या दिवशी गारठा तसाच होता, पण गिअर अलगद पडला.

थेंबही पुन्हा सुरू झाले. मी आईची पोचे आलेली परात गाडीखाली सरकवली.

"हे काय नवीन?" काकांनी विचारलं.

"नवीन कसलं, काका? चाळीत छप्पर गळायचं तेव्हा तुम्ही काय ठेवायचात?"